एकदा मोजलेल्यांकडे पुन्हा कोण जाणार?

सप्टेंबर २००९ मध्ये देशातल्या नऊ केंद्रांवर मुलींना एक लस टोचायला सुरुवात झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची ही लस. दहा ते अठरा वयाच्या, लग्न न झालेल्या वीस हजार मुली घ्यायच्या, निम्म्यांना तीन डोस आणि निम्म्यांना दोन द्यायचे आणि दोन डोसांवर भागते का ते पाहायचे, असा बेत होता. त्यांत आपल्याकडची पुणे आणि बार्शीही होती. काम रंगात आलेले असताना एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने लस टोचणे एकाएकी थांबवायला सांगितले. ठिणगी पडली होती दुसरीकडेच. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत याच विषाणूवरच्या लसीचा एक वेगळा प्रकल्प चालू होता. तिथल्या काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ उठला. ते मृत्यू लसीमुळे झाले नसल्याचे चौकशीत सांगण्यात आले, पण खम्ममच्या वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या असल्याचेही उघड झाले आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

नऊ केंद्रांवरच्या अभ्यासात तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. त्यातल्या ४,९५० जणींना एकच डोस मिळाला होता आणि पुढचा मिळणार नव्हता. अभ्यासाचा मूळ आराखडा तिथेच मोडला. फाइल बंद करून घरी जायला यापेक्षा सबळ कारण कोणाला मिळाले नसते.

संशोधकांनी तसे केले नाही. ते याच मुलींकडे दरवर्षी जात राहिले. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली. लग्नानंतर दीड वर्षाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी त्यांच्याकडून तपासणीसाठी नमुना घेतला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात दहा वर्षांचा हिशेब छापून आला. विषाणूच्या १६ आणि १८ या सर्वांत घातक प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात तीन डोसांचे यश ९३.३ टक्के होते आणि एका डोसाचे ९५.४ टक्के. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एकच डोस पुरेसा ठरू शकतो, अशी शिफारस केली. कोस्टा रिका आणि केनियातल्या अभ्यासांच्या जोडीला भारतातल्या या मुलींचा पुरावा त्यामागे होता. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन २०२३ मध्ये एका डोसावर आले. लसीच्या त्याच साठ्यात दुप्पट मुली सुरक्षित होऊ लागल्या, त्याचे बरेचसे श्रेय बार्शीसारख्या गावातल्या, पुढे सासरी गेलेल्या आणि तरीही पुन्हा तपासणीला हो म्हणणाऱ्या मुलींना जाते.

आरोग्य संशोधनाच्या बातम्यांत औषध असते, यंत्र असते, शोध असतो. दहा वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा शोधून काढणे आणि 'पुन्हा याल का' असे विचारणे, या कामाची बातमी कधी होत नाही. मराठवाड्याच्या आरोग्याचे निम्मे प्रश्न या एका कामावाचून अडलेले आहेत.

एका मुलीला शोधायचे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. २००९ च्या नोंदवहीत तिचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव आणि शाळा. दहा वर्षांनी आडनाव बदललेले, मधल्या नावाच्या जागी नवरा आलेला आणि कित्येक घरांत लग्नात तिचे स्वतःचे नावही बदललेले. आधार कार्डावर चौथेच काहीतरी. नोंदवहीतला मोबाइल नंबर वडिलांचा, तो बंद पडलेला. नवा मिळाला तर नवऱ्याचा, आणि त्यावर दुपारी परका आवाज ऐकून घरात नाही ते प्रश्न उभे राहतात. मग उरतो गावातला माग. आशाताईला विचारायचे, अंगणवाडीच्या सेविकेला विचारायचे, शेजारच्या काकूंकडून सासरचे गाव काढायचे. मुलगी माहेरी कधी येते, ते धरून बसायचे: पहिल्या बाळंतपणाला, दिवाळीत, पंचमीला, गावच्या जत्रेला. तिथे गाठ पडली तरी काम संपत नाही. लस घेतली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि सही आईने केली होती. आता तपासणी अशा जागेची आहे की सासूसमोर तिचा विषयही काढता येत नाही. ज्या बाईकडे हे सगळे निभावून नेण्याचे कसब असते, ती बहुधा कंत्राटी असते आणि प्रकल्प संपला की तिची नोकरीही संपते.

इतका खटाटोप कशाला, जे सहज सापडतात त्यांचे आकडे घ्यावेत, असे कोणी म्हणेल. अडचण अशी की जे सापडतात आणि जे हरवतात, ती माणसे सारखी नसतात. दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात एका वसाहतीच्या पट्ट्यात जन्मलेल्या ८,१८१ मुलांच्या नोंदी झाल्या होत्या. ती मुले २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर डॉ. संतोष भार्गव आणि डॉ. हर्षपाल सिंग सचदेव यांच्या चमूने पुन्हा शोध घेतला, तेव्हा १,५२६ जणांची तपासणी होऊ शकली. त्यातून फार मोलाची गोष्ट कळली: बाळपणी बारीक असलेली आणि पुढे शाळकरी वयात झपाट्याने वजन वाढलेली मुले तिशीत मधुमेहाकडे अधिक झुकतात. पण बाकीच्या साडेसहा हजारांचे काय झाले? शहर सोडून गेलेले, घर मोडलेले, दगावलेले, नको म्हणालेले, यांचे आरोग्य घर टिकवून राहिलेल्यांसारखेच असेल असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हीच मोजणी बीड जिल्ह्यात कोणी डिसेंबरात करायला गेला, तर त्याच्या हिशेबातून सगळ्यांत कष्टाची घरे आपोआप गळतील, कारण ऊसतोडीला गेल्यामुळे तेव्हा त्या घरांना कुलपे असतात.

मराठवाड्याला हा विषय परका नाही. जगात गाजलेल्या एका पाठपुराव्याची भूमी इथलीच आहे, आणि ते इथल्याच लोकांना फारसे माहीत नाही, हे खटकते. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्योनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो उभा केला. गावांचे ५२ गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. काही गटांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे, आणि चौथ्या प्रकारच्या गटांत नेहमीची आरोग्यसेवा, तेवढीच. प्रत्येकीची तपासणी एकदाच. पुढे आठ वर्षे फक्त लक्ष ठेवायचे: कोणाला कर्करोग झाला, कोणत्या टप्प्यावर कळला, कोण दगावले.

२००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात पुढच्या टप्प्याला गेलेले कर्करोग ३९ निघाले, तपासणी न झालेल्या गटात ८२. मृत्यू ३४ विरुद्ध ६४. दोन्ही गट तीस-चौतीस हजारांचे, म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मरणाची शक्यता जवळपास निम्म्यावर आणली. बाकीच्या दोन पद्धतींना या अभ्यासात तसे लक्षणीय यश दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटना आज तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी याच चाचणीला पहिली पसंती देते, त्याच्या पायाशी तुळजापूर, कळंब, उमरग्याकडच्या मुलखातल्या बायका आहेत.

हे जमले कसे? चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ पैकी २७,१९२ बायकांनी तपासणी करून घेतली. ज्या तपासणीचे नाव घ्यायलाही संकोच वाटतो, तिला दहातल्या आठ जणी आल्या. त्यामागे बार्शीकरांची आधीची बारा वर्षे होती. १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी कोणी दवाखान्यात येईल याची वाट पाहत बसले नाहीत; नोंदणीची माणसे गावोगाव फिरली, बैठका घेतल्या, लक्षणे समजावून सांगितली, संशयित रुग्णांना बार्शीपर्यंत आणले. गाडी ओळखीची झाली होती, माणसे ओळखीची झाली होती. आठ वर्षे मृत्यूंची नोंद ठेवता आली ती या ओळखीवर. परगावच्या कुठल्याही संस्थेला केवळ पैशाच्या जोरावर ही गोष्ट विकत घेता आली नसती.

याच अभ्यासावर एक जड आक्षेपही आहे आणि तो झाकून ठेवू नये. तुलनेच्या गटातल्या ३१ हजारांवर बायकांना वर्षानुवर्षे तपासणीशिवाय ठेवले गेले. तपासणीचा उपयोग जगाला आधीच ठाऊक असताना असा गट ठेवणे योग्य होते का, आणि त्या बायकांना आपण कशाला हो म्हणतो आहोत हे नीट कळले होते का, असे प्रश्न अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी जाहीरपणे विचारले. संशोधकांचे उत्तर होते की त्या भागात तपासणीची सोयच नव्हती, म्हणून 'नेहमीची सेवा' म्हणजे तेच. दोन्ही बाजू ऐकल्यावरही एक गोष्ट उरतेच. ज्या चौसष्ट जणी त्या गटात दगावल्या, त्यांच्या मरणातून जगाला शहाणपण मिळाले. त्यांच्या लेकीसुनांच्या गावात आज ती चाचणी पहिल्यांदा पोचली पाहिजे. हे देणे आहे, आणि ते फेडल्याशिवाय त्या गावांत कोणी पुन्हा वही घेऊन जाऊ नये.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने हे देण्याघेण्याचे नाते ज्या धीराने सांभाळले, त्याला देशात तोड सापडणे कठीण. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा अवर्षणप्रवण गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. क्षेत्रकार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला घरोघर जात आणि पाळीची तारीख टिपून घेत, म्हणजे दिवस गेले की लगेच कळावे. या बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास, गरोदर होण्यापूर्वीचे वजन ४२ किलो. बाळे झाली ती सरासरी २.७ किलोंच्या आतबाहेर. इंग्लंडच्या साउथम्प्टनमधल्या बाळांशी तुलना केली तेव्हा दिसले की आपली बाळे वजनाने, स्नायूंनी खूप कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबी धरलेली, ही आपल्याकडच्या मधुमेहाची सुरुवात पाळण्यातच होते, हा विचार इथून जगभर गेला.

पण ते पहिल्या मोजणीत ठरले नव्हते. मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा बोलावली, बाराव्या वर्षी बोलावली, अठराव्या वर्षी बोलावली. सहाव्या वर्षीच्या तपासणीत आढळले की ज्या मातांमध्ये गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक. अठराव्या वर्षी सहाशेहून जास्त तरुण-तरुणी तपासायला आले. त्यातल्या ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर सामान्य मर्यादेच्या वर होती, आणि यातले जवळपास निम्मे चक्क कमी वजनाचे होते. हा आकडा वाचून घरातल्या प्रत्येक आईबापाने दचकावे. मधुमेह म्हणजे सुटलेल्या पोटाचा आजार, ही समजूत खेड्यातल्या या सडपातळ पोरांनी खोटी ठरवली. २०१२ पासून याच मुलामुलींना लग्नाआधीपासून बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्यांच्याही बाळांची मोजणी झाली. आजी, आई, बाळ: तीन पिढ्या एकाच वहीत.

अठरा वर्षे माणसे येत राहतात ती कशाने? भत्त्याने नाही, एवढे नक्की. गाडी दारात येते, तपासणीचा कागद हातात मिळतो, त्यावर काय लिहिले आहे ते कोणी समजावून सांगते, पुढे काय करायचे ते सांगते. आणि गेल्या खेपेला आलेली ताईच या खेपेलाही येते. ब्रिटनमध्ये १९४६ च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या ५,३६२ जणांचा अभ्यास अजून चालू आहे. तिथले संशोधक त्यांना दरवर्षी वाढदिवसाचे कार्ड पाठवतात. कार्डाची किंमत काय असेल? पण पत्ता बदलला की कार्ड परत येते आणि लगेच शोध सुरू होतो. आपल्याकडे कार्डाचे काम आशाताईची चक्कर करील, संक्रांतीचे तिळगूळ करील. मात्र त्यासाठी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात जागा लागते, आणि ती नसते. यंत्राला पैसे मंजूर होतात, रसायनांना होतात. मधल्या पाच कोऱ्या वर्षांत नुसता संपर्क राखण्यासाठी दोन बायकांचा पगार मागितला, तर 'यातून निष्पन्न काय' असा शेरा येतो.

मुंबईतला एक अभ्यास इथे आठवतो. वस्त्यांतल्या ६,५१३ स्त्रियांना गरोदर होण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध, उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. पहिल्या गटात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के निघाला, दुसऱ्यात १२.४. या स्त्रियांच्या मुलांना ती पाच ते दहा वर्षांची असताना पुन्हा शोधण्यात आले. मुंबईची वस्ती म्हणजे आज खोली आहे, उद्या पुनर्वसन, परवा मानखुर्द नाहीतर गावाकडे. तरी शोध झाला. शहर मोठे आहे, माणसे हलतात, ही सबब तेव्हापासून लंगडी झाली आहे.

आता छत्रपती संभाजीनगरकडे यावे. घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, वर्षाला हजारो बाळंतपणे होतात. जालना, बीड, परभणी, हिंगोली, शेजारचा बुलडाणा, सगळीकडून अडलेल्या बायका इथे पाठवल्या जातात. रात्री दोनला ॲम्ब्युलन्समधून उतरलेल्या बाईचा केसपेपर निघतो: नाव, वय, गाव, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन. पहाटे त्यात बाळाचे वजन चढते. दीड किलोचे बाळ असेल तर नवजात कक्षातली टिपणे चढतात. पंधरा-वीस वर्षांनी हे बाळ कोणत्या प्रकृतीचे निघाले, याचे उत्तर मिळवण्याची अर्धी सामग्री त्या कागदात असते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांवर दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षे सांभाळण्याचे बंधन आहे. तीन वर्षांत बाळ शाळेतही पोचत नाही. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविकांनी प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि वर्षाचे वजन खातेवहीत लिहून ठेवले होते. ऐंशीच्या दशकात डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या वह्या लागल्या, त्यातल्या ५,६५४ पुरुषांचा माग त्यांनी काढला आणि पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी होते ते पुढे हृदयविकाराने अधिक दगावले, हे १९८९ मध्ये जगापुढे ठेवले. वह्या कोणी रद्दीत घातल्या नाहीत, एवढ्यावर वैद्यकशास्त्राची एक शाखा उभी राहिली. घाटीतल्या प्रसूती आणि नवजात विभागाचे कागद निदान पंचवीस वर्षे राखले जावेत, असा निर्णय घ्यायला कुठल्या मोठ्या निधीची गरज नाही.

मराठवाड्यातल्या ज्या बायकांकडे सगळ्यांत आधी परत गेले पाहिजे, त्या मात्र घाटीच्या खाटांवर नाहीत. त्या उसाच्या फडात आहेत.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेण्यात आली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सुमारे १७ टक्के. त्याच काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशभराचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. वयोगट तंतोतंत सारखे नसतील, पण फरक डोळ्यांवर येण्याइतका आहे. कारणेही पुढे आली. नवराबायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एका दिवसाचा खाडा झाला की कापला जाणारा दंड, फडात पाणी नाही, आडोसा नाही. पाळीचा त्रास, अंगावरून जाणे यांवर औषध घ्यायला वेळ नाही, आणि डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. हे चांगले झाले.

पुढचा प्रश्न ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली, त्यांचा आहे. पंचविशी-तिशीत गर्भाशय गेले, काहींची बीजांडेही गेली. अशा बाईची हाडे चाळिशीत कशी असतात? हृदय कसे असते? अमेरिकेत १९७६ मध्ये १,२१,७०० परिचारिकांना घेऊन सुरू झालेल्या अभ्यासाने दर दोन वर्षांनी टपालाने प्रश्नावली पाठवत पाठवत दाखवून दिले की दोन्ही बीजांडे लवकर काढलेल्या स्त्रियांत हृदयविकार आणि एकूण मृत्यूचे प्रमाण वाढते. पण त्या परिचारिका डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत नव्हत्या. ठिसूळ झालेल्या हाडांनी, रक्तक्षयाच्या अंगाने, थंडीत पहाटे चारला उठून ऊस तोडणाऱ्या बाईचे पुढच्या वीस वर्षांत काय होते, याचे उत्तर कोणत्याही परदेशी ग्रंथात मिळणार नाही. ते पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केजच्या गावांतच मिळेल, आणि त्या बायकांना विचारूनच मिळेल. यादी एकदा झालेली आहे. पहिले पान लिहून तयार आहे. दुसरे पान लिहिण्याची जबाबदारी विभागाचे मुख्यालय असलेल्या शहराने घ्यावी: विभागीय आयुक्तालय आणि घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय यांनी एकत्र, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाला बरोबर घेऊन.

इथे घाईने चूक होण्याचा धोका मोठा आहे. २०१९ ची माहिती सरकारी चौकशीसाठी दिलेली होती; ती जशीच्या तशी उचलून संशोधनात वापरणे हा त्या बायकांचा विश्वासघात ठरेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: दीर्घकाळचा पाठपुरावा करायचा असेल तर संमती नव्याने घ्यायची, आणि लहानपणी अभ्यासात आलेले मूल सज्ञान झाले की त्याला स्वतःला विचारायचे. आधी आरोग्य विभागाच्या माणसाने जाऊन इतकेच विचारावे की तुमचे नाव अभ्यास करणाऱ्यांना द्यायचे का. हो म्हणाली तरच पुढचा माणूस जाईल. नाही म्हणाली तर तिचे कार्ड, तिचा दवाखाना, तिची कुठलीही योजना अडता कामा नये. आणि हे विचारायला मुकादमाचा माणूस किंवा कारखान्याची गाडी कधीही वापरू नये. उचलीखाली दबलेली बाई त्याच्यासमोर नाही म्हणू शकत नाही.

गुप्ततेचेही तसेच. गावात गर्भाशय काढलेली बाई म्हणून नाव फुटले, तर त्याचा त्रास तिला आणि तिच्या लेकीच्या सोयरिकीलाही होतो. तपासणीला बोलवायचे तर 'हाडांची आणि रक्ताची तपासणी' म्हणून त्या वयाच्या सगळ्याच बायकांना बोलवावे. शस्त्रक्रिया न झालेल्या बायका तुलनेसाठी लागणारच आहेत. त्यांनाही तपासणी मिळेल, त्यांचाही रक्तक्षय सापडेल. तपासणीत सापडेल त्याचा इलाजही तिथेच हवा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, रक्तदाबाचे औषध, गरज पडली तर घाटीपर्यंत नेण्याआणण्याची सोय. बाईचे रक्त घ्यायचे आणि अहवाल इंग्रजीत छापून पुण्या-मुंबईला परिषद भरवायची, हा प्रकार मराठवाड्याने पुष्कळ सोसला आहे. निष्कर्ष आधी गावात सांगावेत, महिला ग्रामसभेत, मराठीत, आकडे फळ्यावर लिहून. ज्यांनी अंग तपासू दिले, त्यांना पहिल्यांदा कळण्याचा हक्क आहे.

माणसे कोण शोधील? आशाताई. पण त्यांच्यावर आधीच इतकी कामे लादलेली आहेत की आणखी एक रजिस्टर फुकट देणे निव्वळ अन्याय होईल. प्रत्येक सापडलेल्या बाईमागे ठरलेला मोबदला आणि तालुक्याला दोन कायम पाठपुरावा कार्यकर्त्या, ज्यांची नोकरी प्रकल्पाच्या मुदतीशी बांधलेली नसेल, एवढे तरी हवे. नोंद ठेवताना बाईचे माहेरचे नाव, सासरचे नाव, दोन्ही गावे, माहेरच्या एका आणि सासरच्या एका माणसाचा नंबर आणि हंगामात ज्या कारखान्याला जाते तो कारखाना, एवढे लिहिले तर दहा वर्षांनीही ती सापडेल. बार्शीच्या, पुण्याच्या चमूंकडे या कामाचा कित्येक वर्षांचा अनुभव आहे आणि त्यातल्या अनेक कार्यकर्त्या आता निवृत्तीच्या वयाला आल्या आहेत. त्यांना बीडमध्ये आणून नव्या मुलींना शिकवायला बसवले पाहिजे, त्या आहेत तोवरच.

वेळ मात्र फडाच्या वेळापत्रकानेच धरावी लागेल. टोळ्या दसऱ्याच्या सुमारास गाव सोडतात आणि गाळप संपले की मार्च-एप्रिलमध्ये परततात. गुढीपाडव्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंत जेमतेम दोन-अडीच महिने बाई घरी मोकळी सापडते, आणि त्यातही लग्नसराई असते. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, निधी ऑगस्टमध्ये खात्यावर येतो, तोवर पेरण्या उरकलेल्या आणि मुकादम नव्या उचलीसाठी दारात. म्हणून या कामाचा शासन निर्णय, नैतिकता समितीची मान्यता आणि पैसे, तिन्ही गोष्टी जानेवारीपर्यंत हातात असायला हव्यात. तेरा हजार आठशे एकसष्ट जणींच्या यादीचे तालुकावार तुकडे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात पाडता येतात. पहिली फेरी येत्या उन्हाळ्यात एका तालुक्यापासून सुरू करता येईल.